दसऱ्याचा बॅकअप

“डिस्क मेलीय, आता काही मिळायचं नाही,” दुकानदाराने हात वर केले. नाना जाऊन महिना झाला नव्हता, आणि नातीसाठी रेकॉर्ड केलेल्या त्यांच्या गोष्टी त्या कॉम्प्युटरमध्येच होत्या.

त्यांची लेक मेधा मात्र डगमगली नाही. नाना दर दसऱ्याला एका फुकटच्या सॉफ्टवेअरने सगळ्याचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घेत, आणि ते काम त्यांनी तिलाही शिकवलं होतं. घरी तिने कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवली, तेच सॉफ्टवेअर चालू केलं. पण बॅकअपची डिस्क काही दिसेना.

त्या डिस्कवरच्या केबलच्या खाचेत कुंकू ठासून बसलं होतं.

“दसऱ्याच्या पूजेत हात सैलच असायचा त्यांचा,” आई म्हणाली.

“दिसतंय,” म्हणत मेधाने जुन्या टूथब्रशने खाच साफ केली.

दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी परतलं. मेधाने पहिली गोष्ट लावली. नाना खाकरले आणि सांगू लागले.

आई स्क्रीन न्याहाळत होती. “ते हॉस्पिटलचे रिपोर्ट कुठे दिसत नाहीत?”

“दसऱ्याला नाना ठणठणीत होते ना. तेव्हाचं आहे हे सगळं.”

आईने खुर्ची जवळ ओढली. “आवाज वाढव.”