बेतलेली बाग

सासूबाईंनी गळ्यातली टेप काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरली आणि सुनेला म्हणाल्या, "बस जरा. यंदाची बाग बेतून टाकू."

सून हात पुसत समोर बसली. रविवारची दुपार होती. खिडकीबाहेर मागचं अंगण थंडीनं कडक होऊन पडलं होतं. मागच्या हंगामातल्या टोमॅटोच्या काठ्या अजून तशाच रोवलेल्या होत्या. त्या रोवणारा, सासूबाईंचा मुलगा आणि हिचा नवरा, अपघातात गेला त्याला पाच महिने झाले होते. तेव्हापासून त्या घरात बऱ्याच गोष्टी जिथल्या तिथे राहिल्या होत्या.

दर थंडीत बाग आधी कागदावर व्हायची. सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. कागदाचा नमुना कापल्याशिवाय ज्या बाईनं कधी कापडाला कात्री लावली नाही, ती जमिनीला कुदळ कशी लावेल? फुटाला अर्धा इंच धरून खाकी कागदाच्या पट्ट्या कापायच्या. एक पट्टी म्हणजे एक वाफा, खडूचा एक ठिपका म्हणजे एक रोप. मग त्या पट्ट्या टेबलभर सरकवत बसायचं. ह्यांच्या वांग्यांना खिसेसुद्धा असतील, असं शेजारीण म्हणायची.

सुनेला आज सांगायचं होतं. मंगळवारी ऑफिसात तिच्या हातात बदलीचं पत्र पडलं होतं. दुसरं शहर, नवी जागा. नको म्हणायची सोय होती. ती नको म्हणाली नव्हती. सांगायचं ठरवून ती रोज स्वयंपाकघरात यायची आणि भांडी घासून परत जायची. सासूबाईंना एकटं टाकून आपण निघालो आहोत, याचं वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. पायाला मुंग्या येऊन तो जड व्हावा, तसं सगळं अंगभर झालं होतं.

"आता काय, दोघीच आहोत," सासूबाई म्हणाल्या. "बाग आवरती घेऊ. भोपळा नको, मेला नुसता हातपाय पसरतो. घेवड्याची एकच ओळ. टोमॅटो मात्र हवेत."

"हवेत," सून म्हणाली.

सासूबाईंनी कागद ओढला आणि टेपकडे न बघताच कापला. एवढं माप त्यांना पाठ होतं. मग खडूनं भराभर ठिपके दिले आणि पट्टी सुनेपुढे सरकवली.

सुनेनं ठिपके मोजले. पुन्हा मोजले. माणशी चार रोपं हा ह्या घरातला नियम होता, ती लग्न होऊन आली तेव्हापासूनचा.

"आई, हे बारा झालेत."

सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि पट्टीकडे पाहत राहिल्या. फ्रिज घरघरला आणि बंद झाला.

"हाताला अजून कुणी सांगितलंच नाही बघ," त्या म्हणाल्या.

त्यांनी कात्री घेतली आणि चार ठिपक्यांचा तुकडा कापून वेगळा केला. तो टेबलावर दोघींच्या मध्ये पडला. दोघींनी त्याला हात लावला नाही.

आता पट्टीवर आठ उरले. सून त्या आठांकडे बघत होती. एवढंच म्हणायचं होतं की आई, हेही जास्त आहेत. जीभ उचलत नव्हती. आत्ता बोलले नाही तर ही बाई आठ रोपं लावेल आणि वाट बघत बसेल, हे तिला कळत होतं, तरी उचलत नव्हती.

माप देताना श्वास रोखून धरणारी गिऱ्हाइकं सासूबाईंनी जन्मभर पाहिली होती. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं. मग कात्रीचं तोंड उघडून चौथ्या ठिपक्यापाशी आणून धरलं.

"हेही कापू?"

सुनेला वाटलं होतं, ही वेळ आली की आपण रडू. तसं काही झालं नाही.

"कापा," ती म्हणाली.

कात्री सरळ गेली. सासूबाईंचा हात कधीच वाकडा जात नसे, आताही गेला नाही.

"कधी?"

"एक तारखेला हजर व्हायचंय. पत्र मंगळवारीच आलं होतं."

"तरीच म्हटलं, भांडी एवढी चकाकायला का लागली."

सून हसली नाही. सासूबाईही हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या चार ठिपक्यांची पट्टी टेबलाच्या कडेला नीट लावून ठेवली. कडेला ती फारच आखूड दिसत होती. मग सुनेचा तुकडा उचलला, टोमॅटोच्या बियांची अर्धी पुडी एका कागदात ओतून त्याची घडी घातली आणि दोन्ही मिळून एक टाचणी लावली. कापडाला गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी लावतात तशी.

"आई, मी दर महिन्याला..."

"ते राहू दे." सासूबाईंनी टाचलेला कागद तिच्या हातात दिला. "तिथल्या घराला ऊन कुठल्या बाजूनं येतं?"

"ते नाही बघितलं."

"मग गेल्या गेल्या आधी ते बघ," त्या म्हणाल्या. "सामान मागून लाव."