उभी चौकट

टिण्‌. वाटीच्या काठावर चमचा वाजला आणि मुहय्योनं दचकून मागं पाहिलं.

खोलीत कुणीच नव्हतं. सासू मागच्या अंगणात उद्याच्या पुलावासाठी गाजरं चिरत होती. पाच वर्षांची लोला जर्दाळूच्या झाडाखाली मांजराला गोष्ट सांगत बसली होती. आवाज संगणकातून आला होता.

पडद्यावर ओदिल होता, मुहय्योचा नवरा. तीन वर्षं झाली, तो सायबेरियात इमारतींच्या कामावर होता. इकडं उझबेकिस्तानात, कोकंदमध्ये, सासऱ्यांना त्रेसष्टावं लागलं होतं. पैगंबर जेवढं जगले तेवढं वय, म्हणून हा सोहळा. उद्या पहाटे अंगणात शंभर माणसं पुलाव खायला येणार, भिंतीवर मोठा पडदा लागणार. ज्यांची मुलं दूर, त्यांनी शुभेच्छा चित्रित करून पाठवायच्या, हा आता गल्लीचा रिवाजच झाला होता.

“बाबा, शंभर वर्षं जगा,” ओदिल म्हणत होता. “वसंतात मी येतोय. मुहय्योला आणि लेकीला इकडं घेऊन येतो.”

हे वाक्य मुहय्योनं दुपारपासून अकरा वेळा ऐकलं होतं. आजवर तो हे फोनवर तिला एकटीला सांगायचा. उद्या शंभर माणसांसमोर सांगणार होता. शंभर माणसांसमोर बोललेलं मागं घेता येत नाही. मघाशी झाडलोट करताना तिनं मनातल्या मनात पेटीही भरून टाकली होती.

फक्त त्याची चित्रफीत उभी होती, मोबाईलवर बघतात तशी. पडदा आडवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसत होते.

“माझा लेक काय दाराच्या फटीतून बोलतोय?” सासूनं दुपारीच टोमणा मारला होता. “पट्टे काढ ते.”

मुहय्योचं रोजचं काम नेमकं याच्या उलट. गल्लीतली लग्नं आडवी चित्रित होतात, आणि ही घरबसल्या ती उभी कापते, लोकांना फोनवर बघता यावीत म्हणून. वऱ्हाड गळतं, नवरानवरी उरतात. फक्त नवरदेवाची आई कापायची नाही, नाहीतर भांडण दारात येतं.

तिनं फीत पुन्हा लावली. टिण्‌. ओदिलचे दोन्ही हात टेबलावर, पालथे. मग चमचा कुणाच्या हातात? असेल खोलीतला कुणीतरी. चार-पाच जण एकत्र राहतात तिथं. कुणीतरी जेवत असणार.

तिनं चित्र ताणून पडदाभर केलं. ते भलतंच धुरकट झालं, व्हायला हवं त्याहून जास्त. जणू कुणीतरी ते आधीच एकदा ताणलं होतं. आणि मग तिला दिसलं. ओदिल बोलता बोलता डावीकडं झुकला, तेव्हा चौकट त्याच्याबरोबर सरकली. कॅमेरा हलला की धरणाऱ्याचा हात जाणवतो. इथं हात नव्हता. चौकटच सरकत होती, लोण्यातून सुरी फिरावी तशी. चेहरा हलायच्या किंचित आधी.

ही तिचीच पद्धत होती. जायच्या आधीच्या हिवाळ्यात ओदिल याच खुर्चीशेजारी बसून शिकला होता. चेहऱ्याच्या आधी चौकट हलव. शेवटी आवाज हळूहळू विरव.

म्हणजे फीत मुळात आडवी होती. ओदिलनं ती कापली होती. आणि खोलीतल्या सोबत्यांना कोण कापतं? ते तर उलट पुढं घुसून ओरडतात, “चाचा, मुबारक!”

सासू फडक्याला हात पुसत आत आली. “झालं का गं पोरी? गेले का पट्टे?”

“ओयीजान, ही फीत आडवी होती. ह्यांनी बाजू कापलीय.”

पुसणारे हात थांबले. बाजूला काय होतं, हे तिनं विचारलं नाही. कशावरून म्हणतेस, हेही विचारलं नाही. पडद्याकडं तर तिनं पाहिलंच नाही.

“जेवढं दिसतंय तेवढं दाखव,” ती म्हणाली. “शंभर माणसं यायचीयत, सूनबाई.”

या घरात आल्यापासून ती मुहय्योला ‘पोरी’च म्हणत आली होती. ती निघून गेली. जाताना तिनं दार ओढून घेतलं.

मुहय्यो बसून राहिली. खोलीला एकच खिडकी होती, तीही अंगणात उघडणारी. अंगणाला एकच दार, तेही सासऱ्यांच्या खाटेशेजारी. कापून टाकलेली बाजू परत आणता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दार ढकलून लोला आत आली आणि सरळ तिच्या मांडीवर चढली. “बाबा! आई, लाव ना बाबा!”

तिनं लावलं. दुसरं काय करणार? ओदिलनं शुभेच्छा दिल्या, वसंताचं सांगितलं. मग आवाज विरत गेला. शेवटची दोन सेकंदं तो डावीकडं, चौकटीपलीकडं, जरा खाली बघून हसला. त्याचे ओठ हलले. आवाज नव्हता.

लोलाला आवाज लागत नसे. सायबेरियाहून फोन आला की आवाज तुटायचा, चेहरा तेवढा राहायचा. तीन वर्षं ती बापाचे ओठच वाचत आली होती. तो काय बोलला ते ती आजीला सांगायची, आणि सहसा चुकायची नाही.

आत्ताही तिचे ओठ त्याच्याबरोबर हलले. ती खुदकन हसली. “‘माझ्या मधा, सांडू नकोस,’ म्हणाले बाबा!”

‘माझ्या मधा’ म्हणजे लोला. जगात दुसरं कुणी नाही.

लोलानं पडद्याच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिचं हसू जरा थबकलं. तिनं मान वर करून आईकडं पाहिलं.

“पण आई, मी तर इथं आहे ना?”