कड्याची नोकरी

“मी आलोयऽऽ!” दरीपलीकडून कुणीतरी जीव खाऊन ओरडलं.

पडक्या बुरुजाआड बसलेल्या भोंग्याने तोंडातला घास घाईघाईने गिळला आणि तसाच ओरडला, “मी आलोयऽऽ!”

पलीकडच्या कठड्यापाशी टाळ्या पडल्या. बोलका कडा बोलला होता.

आता खरं सांगायचं तर कडा मुका होऊन दोन वर्षं झाली होती. पूर्वी त्याच्यावर आवाज आपटायचा आणि जसाच्या तसा परत यायचा. ते ऐकायला लांबून लोक यायचे, म्हणून पर्यटन समितीने नवा रस्ता काढला आणि त्यासाठी तोच कडा फोडला. रस्ता झकास झाला, प्रतिध्वनी गेला. आहे की नाही कमाल! पाट्या रंगवून झाल्या होत्या, माहितीपत्रकं छापून झाली होती. तेव्हा समितीच्या चिटणिसांना भोंगा आठवला. जन्मभर खेचरं हाकून त्याचा गळा असा तयार झाला होता की हा या डोंगरावर खाकरला तर त्या डोंगरावरचं खेचर थबकायचं. त्याला बुरुजाआड बसवलं आणि एकच नियम सांगितला.

“काका, ऐकाल तेच म्हणायचं. पदरचं एक अक्षर नाही. कड्याला स्वतःचं मत नसतं.”

भोंगा मन लावून कडा झाला. बायकांच्या हाकेला आवाज बारीक काढायचा, पोरांच्या हाकेला जरा नाकातून. किती जणांनी “माझं तुझ्यावर प्रेम आहे” म्हटलं आणि त्यानेही बिनतक्रार सगळ्यांना तसंच म्हटलं, एका मिशाळ हवालदारालासुद्धा. एकदा त्याला शिंक आली आणि पलीकडे कुणी न शिंकताच कडा शिंकला. पाहुणे त्यावरही खूश.

पण संध्याकाळी घरी गेलं की तोंडाला कुलूप. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी परमुलखात, तिचा फोन आला तर आला. दिवसभर एवढे लोक त्याच्याकडे तोंड करून ओरडायचे, पण त्याच्याशी कुणी बोललेलं नसायचं. दुकानात मीठ मागितलं असेल तेवढंच, नाहीतर अख्ख्या हंगामात त्याने स्वतःचं असं वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं. एकटेपणा म्हणतात तो हाच, हे त्याला पक्कं कळलं होतं. सांगायला मात्र कुणी नव्हतं.

त्यातल्या त्यात सोबत होती ती पलीकडच्या तिकीटबाईची. लोक आले की ती खिडकीवर लाल फडकं टाकायची, गेले की काढून घ्यायची. दुपारी तिने डबा उघडला की हाही उघडायचा. पंगतच म्हणायची, फक्त मधे दरी. खालच्या झुलत्या पुलावरून फिरून जायचं तर दीड तास, त्यामुळे तिचा चेहराही त्याने कधी नीट पाहिला नव्हता. हाक मारावीशी वाटायची, पण नियम म्हणजे नियम.

त्या दिवशी दुपारी चिटणीस दोन माणसं आणि एक यंत्र घेऊन वर आले. यंत्राने “हॅलो, हॅलो” ऐकलं आणि “हॅलो, हॅलो” म्हटलं. भोंग्यापेक्षा स्वच्छ.

“काका, उद्यापासून हे,” चिटणीस म्हणाले. “तुम्ही आता खुशाल आराम करा.”

“बरं,” भोंगा म्हणाला.

आराम कसला, कप्पाळ! उसने का होईना, तोंडात शब्द होते. आता घरच्या चार भिंती, आणि त्या तर उलटूनही बोलत नाहीत. चिटणीस उतरून गेले तरी तो बुरुजाला टेकून बसून राहिला.

संध्याकाळी शेवटची मंडळी गेली. तिकीटबाईने फडकं काढलं, खिडकी लावली. रोज ती लगेच वाटेला लागायची. आज ती कठड्यापाशी आली. इकडेतिकडे पाहिलं, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि ओरडली,

“उद्या माझ्याकडे जेवायला याऽऽ!”

ऐकलं मात्र, भोंग्याची छाती सवयीने फुगली आणि डोक्यात काही शिरायच्या आत तोंडातून गेलंसुद्धा, तेही आवाज बारीक काढून.

“उद्या माझ्याकडे जेवायला याऽऽ!”

मग त्याला उमगलं. कठड्यापाशी दुसरं कुणीच नव्हतं. ते बोलावणं त्याला होतं. आणि त्याने काय केलं? बाईला वेडावून दाखवलं! त्याने कपाळावर हात मारून घेतला. किती वर्षांनी कुणीतरी आपणहून त्याला चार घास खायला बोलावलं आणि त्याने ते आपल्या हाताने घालवलं. “अहो, तसं नाही” म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. दुसऱ्याचे शब्द वाहून वाहून स्वतःचे कुठे ठेवले होते तेच आठवेना.

पलीकडे तिने डब्याची पिशवी खांद्याला अडकवली. आता ही पाठ फिरवणार, असं त्याला वाटलं.

“येतेऽऽ!” ती ओरडली. “नक्की येते! मला कुणी बोलावतच नाही होऽऽ!”

हे मात्र भोंग्याने परत पाठवलं नाही. तो बुरुजाआडून बाहेर आला, दरीच्या काठाशी उभा राहिला आणि स्वतःच्या भसाड्या आवाजात ओरडला,

“सांभाळून याऽऽ! पुलाची एक फळी सैल आहे!”