चाळीसच्या पुढं
मिहिरच्या गाडीनं माझं डोकं फिरवलं. ॲक्सिलेटर कितीही दाबा, चाळीसच्या पुढं जातच नव्हती. छावणीतल्या माझ्या गॅरेजात थ्रॉटलचा सेन्सर नवा टाकला, तरी तेच. शेवटी मीटर लावून एकेक वायर तपासली, तर सेन्सरच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला, आतल्या सॉकेटला काळ्या दोऱ्यानं बांधलेलं लिंबू! रस आत झिरपून पिना गंजून हिरव्या पडलेल्या. मिहिर बाहेर फोनवर होता. त्याच्यासोबत आलेली त्याची आई हळूच म्हणाली, "मीच बांधलं. बाहेर लटकवलं की फेकतो तो. थोरला माझा बिडकीन रोडला सुसाट निघाला, तो परत आलाच नाही. याची गाडी तरी दमानं चालू दे, म्हटलं." मी असलं मानत नाही. "मावशी, लिंबानं गाडी दमानं चालती व्हय?" बोललो खरा, पण नजर हिरव्या पिनांवर गेली; चालतच होती की. मिहिर आत आला. "सापडला का फॉल्ट?" "सापडला," म्हणालो, पण पिना घासायला हात पुढं होईना.