सरपंचबाईंची ऑनलाइन बैठक

"सरपंचबाई, अंगणवाडीला कुठली जागा देताय?" तालुक्याच्या साहेबांनी ऑनलाइन बैठकीत विचारलं.

नेहमीप्रमाणे उत्तर वैजयंताबाईंच्या नवऱ्याने दिलं, शेतातून, स्वतःच्या फोनवरून. "ओढ्यापलीकडची द्या साहेब. गावातली आमचा कांदा ठेवायला लागतीय."

भर पावसात पोरं ओढा कशी ओलांडणार, हे वैजयंताबाईंनी घरी तीनदा विचारून पाहिलं होतं.

बैठक त्यांनीच सुरू केल्यामुळे सगळ्यांचे माईक त्यांच्या हाती होते. प्रशिक्षणात शिकल्याप्रमाणे त्यांनी नवऱ्याचा बंद केला. पडद्यावर त्याचे ओठ हलत राहिले.

"गावातलीच जागा, साहेब. ठरावात लिहून घ्या."

संध्याकाळी नवरा कुरकुरला, "मी एवढा बोलत होतो, कुणाला ऐकूच गेलं नाही."

"माझंही चार वर्षं तसंच होत होतं," चहा गाळत त्या म्हणाल्या. "होते सवय."