सोबतीचं माणूस

"यात वावगं काहीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हात धुवायला वळल्या.

पडद्यामागं जयवंता निऱ्या खोचत होती. तिचे हात थांबले. आत्ता तपासणीच्या टेबलावर तिला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, डोळे गच्च मिटून ती पडली होती, आणि ही बाई म्हणते वावगं काही नाही!

डॉक्टर अनुपमाबाई अकोल्याच्या या बायकांच्या दवाखान्यात नव्यानंच आल्या होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. लघवीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या पाळ्या असतात, त्या कुणाच्या आखूड, कुणाच्या लांब. कानाच्या पाळ्या तरी सगळ्यांच्या सारख्या कुठं असतात? तुझ्या बऱ्याच लांब आहेत, म्हणून काचतात, सोलतात, बसलं की दुखतं. हा रोग नव्हे. पण त्रास खरा आहे, आणि तो सोसवत नसेल तर त्या कापून लहान करता येतात.

"आणखी कुणाला असतं असं?" जयवंतानं विचारलं.

"पुष्कळ जणींना. सांगत कुणी नाही."

जयवंताला आधी हायसं वाटलं, आणि मग असा राग आला की सांगता सोय नाही. काढावा तरी कुणावर? नऊवारीचा काष्टा काचतो म्हणून तिनं गोल पातळ नेसायला घेतलं, तर गावात, बाळापुरात, बोभाटा झाला की पोरगी मास्तरीण झाली आणि शेफारली. शाळेत ती दिवसभर उभ्यानं शिकवायची, तर हेडमास्तर देवराव बाकीच्या मास्तरांना तिचा दाखला द्यायचे, की बघा, बाई खुर्चीला शिवत नाहीत. शिवेल कशी? चांगली स्थळं सांगून आली, ती तिनं नोकरीचं निमित्त करून परतवली. नवऱ्यानं पाहिलं तर काय म्हणेल, हा एकच धसका. असं करता करता पस्तिशी आली. आणि वावगं काहीच नव्हतं.

ऑपरेशन करायचंच, असं तिच्या मनानं तिथल्या तिथं घेतलं. अनुपमाबाई म्हणाल्या, घाई नको. टाके पडतील, काही दिवस आग होईल, जखम भरेपर्यंत आठवडाभर इथं राहावं लागेल. विचार कर, आणि बाहेर नर्सबाईंना भरती होण्याचं विचारून घे.

नर्स दुर्गाबाईंनी मान वर न करता विचारलं, "सोबत कोण हाये?"

"माझी मीच आहे."

"तसं नाई चालत. सोबतीच्या माणसाबिगर भरती करत नाई आमी. उठता येत नाई तवा पाणी कोण देईन? बाईमाणूस पाह्यजे. माय, बहीण, शेजारीण, कोणीबी आणा."

जयवंता वऱ्हांड्यात येऊन खांबाला टेकली. माय केव्हाच गेली होती. बहीण नव्हती. भावजय होती ललिता, पण ललिताला सांगायचं म्हणजे बाळापुरात दवंडी पिटायची. बिनलग्नाची बाई बायकांच्या दवाखान्यात आठवडाभर पडून राहिली, याचा गावात एकच अर्थ निघणार. खरा अर्थ सांगायला जावं, तर त्याला तोंडात शब्द नाही. शाळेतल्या विमलबाई स्वभावानं भल्या होत्या, पण त्यांच्याशी तिचं बोलणं खडू-फळ्यापलीकडं कधी गेलंच नव्हतं. मनातलं बोलायचं तर माणसाजवळ बसावं लागतं. ती कुणाजवळ कधी बसलीच नव्हती. इतक्या माणसांत आपण अशा एकट्या कशा राहिलो, हे तिला आज पहिल्यांदा कळलं आणि रडू आलं.

समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. पार्बताबाई, अकोटाकडची, लेक आत बाळंत होत होती. तिनं गाठोडं बाजूला सारून जागा केली.

"बस ना वो बाई. कवाची उभी हायेस."

"उभीच बरी, मावशी."

म्हातारी गप्प बसणारी नव्हती. कोणाच्या सोबतीले आली, म्हणून तिनं विचारलं. कोणाच्याच नाही, मीच दाखवायला आले, असं जयवंता म्हणाली. मग तुझ्यासंगं कोण आहे? कोणी नाही.

"काहून?" पार्बताबाईनं विचारलं.

या एका 'का'च्या भीतीनं जयवंता आजवर माणसांपासून चार हात लांब राहिली होती. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून दुर्गाबाईंनी हाक दिली, गोदावरीच्या सोबतीचं कोण आहे, आणि म्हातारी गाठोडं तिथंच टाकून आत धावली.

बाक रिकामा झाला. जयवंता गाठोड्याजवळ उभी राहिली. एसटीची वेळ होत आली होती. निघून जावं, असं तिला वाटलं. पण दुसऱ्याचं गाठोडं टाकून जाववेना.

बऱ्याच वेळानं पार्बताबाई पदरानं डोळे पुसत आली. पोरगी झाली, म्हणाली, सारं जिथल्या तिथं आहे. ती बाकावर टेकली, पाय चोळले, आणि मग तिला एकदम आठवलं.

"तू काय सांगून राहिली होतीस मले?"

वऱ्हांड्यात बायका येत-जात होत्या. उभ्यानं सांगायची ती गोष्ट नव्हती. म्हातारीच्या कानात जड बाळ्या होत्या आणि त्यांच्या ओझ्यानं कानाच्या पाळ्या ओघळून मानेपर्यंत आल्या होत्या. जयवंता त्या पाळ्यांकडं पाहत राहिली.

मग ती बाकावर बसली. कळ आली. ती तशीच म्हातारीला लागून सरकली.

"मावशी," ती म्हणाली, "कान इकडं करा."