मीटरचा लाल डोळा

अशी कल्पना करा, की तुम्ही दारामागे स्टुलावर उभे आहात आणि अगदी नाकासमोर विजेचं मीटर आहे. त्यात एक लाल ठिपका लुकलुकतोय. घरात वीज जितकी जास्त खर्च होईल, तितकी त्याला घाई जास्त.

शिंपीणबाईंची मुलगी आत्ता तशीच उभी होती. शिलाई मशीन पायांनी मारून मारून आईचे गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून मामाने मशीनला जोडायची छोटी मोटर आणून दिली होती. ती ठेवायची की परत करायची, हे आज ठरणार होतं.

"मोटर म्हणजे वीज पिणारा राक्षस," बाबा म्हणाले होते. "बिल बघून डोळे पांढरे होतील."

"अहो बाबा, तिच्यावर शंभर वॅट लिहिलंय. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. म्हणजे ही सलग दहा तास चालेल, तेव्हा कुठे एक युनिट!"

"तोंडी हिशोब नकोत, हिशोबनीस बाई. दिवे, पंखे, सगळं बंद करा. नुसती मोटर चालवा आणि मीटर बघा. मग बोला." बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते गेले.

दोघींनी सगळं बंद केलं. आईने मोटर सुरू केली. खरं तर ठिपका सावकाश, दम घेत चमकायला हवा होता. तो तर डोळ्यात कुसळ गेल्यासारखा फडफडायला लागला!

मुलीचा चेहरा पडला. "आई, माझं गणित चुकलं."

"असू दे गं. पाय आहेतच की." आई हसली, पण हात गुडघ्यावर होता. तिने मोटरचा प्लग काढला.

ठिपका फडफडतच राहिला.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. घर शांत होतं. फक्त न्हाणीघरातून पाण्याची धार ऐकू येत होती, आणि बाबांचं गाणं.

लगेच पाणी तापवणारा गीझर. तीन हजार वॅट. घरातल्या प्रत्येक वस्तूचा आकडा मुलीला पाठ होता. तिने आईचा कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि न्हाणीघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं :

'बाबांची वीस मिनिटांची अंघोळ = आईच्या मोटरचे दहा तास.'

मग तिने बाहेरचं गीझरचं बटण बंद केलं, आणि आतलं गाणं एकदम वरच्या पट्टीत गेलं.